मेटल की कॅनव्हास? जंगलातला फोटो भिंतीवर लावण्याआधी

आमच्या बैठकीच्या खोलीत दोन फोटो आहेत. एक दाजीपूरच्या धुक्यातल्या गव्याचा, कॅनव्हासवर. दुसरा कोकणातल्या पावसात काढलेल्या तिबोटी खंड्याचा, मेटलवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर. पहिल्यांदा छापून घेतले तेव्हा ते नेमके उलटे होते. गवा चकचकीत मेटलवर गेला आणि त्याच्या काळ्याभोर पोटात समोरच्या बाल्कनीचं ग्रिल दिसायला लागलं. खंड्या १२ बाय १८ इंचांच्या कॅनव्हासवर गेला आणि त्याच्या डोळ्यातला पांढरा ठिपका, ज्याच्यासाठी मी दोन तास चिखलात बसलो होतो, कापडाच्या विणीत विरून गेला. छापणाऱ्याने काम चोख केलं होतं. फोटो आणि पृष्ठभाग यांची जोडी मी चुकीची लावली होती.

तेव्हापासून स्वतःच्या आणि मित्रांच्या बऱ्याच प्रिंट्स करून घेतल्या. कुणी विचारलं की मी तीन प्रश्न याच क्रमाने विचारतो. फोटो कशावर उभा आहे, तपशिलावर की वातावरणावर? तो लागणार त्या भिंतीवर उजेड कसा आहे? आणि मग, खर्च किती करायचा आहे? बहुतेकजण तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि पहिल्या दोघांपर्यंत पोचतच नाहीत.

दोन्ही बनतात कशा

हे माहीत असलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

खरी मेटल प्रिंट म्हणजे डाय-सब्लिमेशन. फोटो आधी एका ट्रान्स्फर पेपरवर उलटा छापतात. तो कागद विशिष्ट लेप दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ठेवून साधारण २०० अंश सेल्सिअसला हीट प्रेसमध्ये दाबतात. उष्णतेने शाईतला रंग थेट वायुरूप होतो आणि लेपाच्या आत शिरतो. रंग वर बसत नाही, आत मुरतो. म्हणून तिच्यावरून हात फिरवला तर काच पुसल्यासारखं गुळगुळीत लागतं आणि गडद रंगांना खोली येते. पत्रा एक मिलिमीटरच्या थोडा वर जाड असतो. २४ बाय ३६ इंचांचा पत्रा मागच्या पट्ट्या सोडून पावणेदोन किलोच्या आसपास भरतो, म्हणजे आकाराच्या मानाने हलकाच.

आपल्याकडे मात्र ‘मेटल प्रिंट’ म्हणून आणखी एक गोष्ट विकली जाते: एसीपी शीटवर केलेली यूव्ही प्रिंट. एसीपी म्हणजे दोन पातळ ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांमध्ये प्लास्टिकचा गाभा, दुकानांच्या पाट्यांना वापरतात तेच. यात शाई पृष्ठभागाच्या वर बसते आणि यूव्ही (अतिनील) दिव्याखाली वाळते. ही फसवणूक नाही. चार फुटांहून मोठ्या कामाला ती चांगली पडते, पत्रा वाकत नाही. पण सब्लिमेशनची खोली तिच्यात येत नाही आणि कडेला ओरखडा लवकर उठतो. तेव्हा दोन्हींचा भाव एकच सांगितला जात असेल तर थांबा आणि विचारा.

कॅनव्हास म्हणजे सुती, पॉलिएस्टर किंवा दोन्हींच्या मिश्रणाचं कापड, त्यावर शाई धरणारा लेप. चांगलं कापड साधारण ३४० ते ४५० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) असतं. त्यावर इंकजेटने छपाई होते, वर वॉर्निश किंवा लॅमिनेशन लागतं आणि मग ते लाकडी चौकटीवर ताणून मागे स्टेपल मारतात. पॉलिएस्टर पांढरंशुभ्र दिसतं, कारण त्यात बऱ्याचदा चकाकी देणारी रसायनं असतात. काही वर्षांनी त्यांचा जोर ओसरतो आणि पांढरा पिवळसर वाटू लागतो. सुती किंवा मिश्र कापडाचा पांढरा सुरुवातीपासूनच किंचित दुधाळ असतो. वन्यजीव फोटोंना मला तोच बरा वाटतो.

पहिली पायरी: फोटोकडे नीट बघा

फोटो संगणकावर मोठा करा आणि स्वतःला विचारा, यातलं काय काढून घेतलं तर फोटो मरेल?

नीलपंखाच्या पंखांवरची निळाई, फुलपाखराच्या पंखावरचे खवले, पाण्यातून बाहेर येणाऱ्या वाघाच्या मिशांवरचे थेंब. हे गेलं तर फोटो गेला. असे फोटो मेटलचे. चकचकीत मेटलवर गडद निळे, हिरवे, नारिंगी जसे टिकतात तसे मॅट, म्हणजे न चमकणाऱ्या, कॅनव्हासवर टिकत नाहीत. खंड्या आणि नीलपंखाचा निळा तर कॅनव्हासवर हमखास मळतो. पक्ष्यांचे जवळून घेतलेले फोटो, आंबोलीचे हिरवे बेडूक आणि साप, मॅक्रो (बारीक गोष्टींचे अगदी जवळून घेतलेले फोटो), पाण्यातली प्रतिबिंबं, यांना मी डोळे झाकून मेटल सांगतो.

दुसऱ्या प्रकारचे फोटो बघा. ताडोब्यात उन्हाळ्याच्या संध्याकाळी उडालेल्या धुळीतून चालत येणारी वाघीण. रेहेकुरीच्या पिवळ्या गवतात उभा काळवीट. भिगवणच्या पाण्यावर पहाटे पसरलेला रोहित पक्ष्यांचा फिकट गुलाबी पट्टा. यात प्राणी चौकटीचा छोटासा भाग असतो, बाकी सगळी हवा. ही हवा कॅनव्हासवर श्वास घेते. पृष्ठभाग चमकत नाही, डोळा कडांवर अडखळत नाही, फोटो जरा चित्राकडे झुकतो. त्यात वावगं काही नाही, तो क्षण होताच तसा.

आणि मग नॉइज, म्हणजे कमी उजेडात फोटोत उमटणारे दाणे. पहाटे जंगलाचं गेट उघडल्या उघडल्या मिळालेला बिबट्या आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ६४०० किंवा त्याहून वरच टिपलेला असतो. मेटल हा निष्ठुर पृष्ठभाग आहे. सावलीतले रंगीत दाणे, जास्त शार्पनिंगमुळे (कडा धारदार केल्यामुळे) शिंगाभोवती आलेली पांढरी कड, पार्श्वभूमीच्या गुळगुळीत हिरव्यात उमटलेले पट्टे, सगळं तो दाखवतो. कॅनव्हासची वीण यातलं बरंच पोटात घेते. फोटो मनाला भिडणारा आहे पण फाइल कमजोर आहे, तर कॅनव्हासकडे जा.

काळ्या प्राण्यांचं वेगळं सांगायला हवं. गवा, अस्वल, सावलीतला रानडुक्कर. कॅनव्हासवर, त्यातही मॅट कॅनव्हासवर, काळा रंग तितका खोल जात नाही आणि सावलीतले बारकावे एकमेकांत मिसळून एक काळा गठ्ठा होतो. मेटलवर काळा खोल जातो, पण चकचकीत फिनिश घेतलं तर तो आरसा होतो. माझ्या गव्याला शेवटी साटीन (अर्धवट चमकणाऱ्या) वॉर्निशचा कॅनव्हास लागू पडला, तोही सावल्या थोड्या उचलून घेतल्यावर. धुकं नसतं तर मी मॅट मेटल घेतलं असतं.

एक स्वतःपुरता नियमही सांगतो. घरट्यावर काढलेले फोटो मी छापत नाही. भिंतीवरचा फोटो बघून पाहुणा पहिला प्रश्न ‘कुठे मिळाला?’ हाच विचारतो, आणि त्या उत्तराने पुढच्या आठवड्यात चार गाड्या त्या झाडाखाली उभ्या राहू शकतात.

दुसरी पायरी: भिंतीपाशी एक दिवस काढा

हे फुकटात होतं आणि जवळजवळ कुणी करत नाही. स्वयंपाकघरातलं एक चकचकीत स्टीलचं ताट घ्या. फोटो जिथे लागणार तिथे, त्याच उंचीवर, कुणालातरी धरायला सांगा. तुम्ही जिथून फोटो बघणार तिथे बसा. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावल्यावर, असं तीनदा बघा. ताटात खिडकी किंवा ट्यूबलाइट स्पष्ट दिसली तर चकचकीत मेटल त्या भिंतीसाठी नाही. मग मॅट मेटल किंवा कॅनव्हास. फ्लॅटमध्ये सोफ्यासमोर बाल्कनीचं काचेचं दार आणि फोटो सोफ्याच्या डोक्यावर, ही मांडणी घरोघर असते, आणि तिथेच चकचकीत प्रिंट सर्वांत वाईट दिसते.

मेटलमध्ये फिनिशचे प्रकार समजून घ्या. पांढरा लेप असलेला पत्रा (ग्लॉस किंवा मॅट) साधारण कागदासारखा पांढरा देतो. ‘क्लिअर’ फिनिशमध्ये हा पांढरा थर नसतो, त्यामुळे फोटोत जिथे पांढरं आहे तिथे ॲल्युमिनियम दिसतं, रुपेरी. कृष्णधवल बिबट्याच्या पाठीवर हे फार सुंदर दिसतं. पण बगळा, रोहित पक्षी किंवा ढगाळ आकाश क्लिअरवर छापू नका, सगळं राखाडी होतं.

थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर दोन्हींपैकी काहीच लावू नका. शाई कितीही चांगली असली तरी रोजचं ऊन रंग खातं.

मग ओल. कोकणात, गोव्यात किंवा पावसाळ्यात बाहेरून भिजणाऱ्या भिंतीवर कॅनव्हासचे हाल होतात. कापड हवेतला ओलावा धरतं, सैल पडतं, कोपऱ्यात लाटा येतात. मागच्या बाजूला काळे ठिपके दिसू लागले की बुरशी आली समजा. चौकट कच्च्या लाकडाची असेल तर वाळवीचीही धास्ती, आणि एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) असेल तर ती फुगते. रत्नागिरीच्या मामांकडे मी मेटलच दिलं. पत्र्याला ओल लागत नाही. पण खारी हवा स्क्रूला गंजवते, म्हणून हुक आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत कॅनव्हासला फार त्रास नाही. उन्हाळ्यात तो ताठ होतो, पावसाळ्यात किंचित ढिला. चौकटीच्या कोपऱ्यात ठोकायच्या छोट्या लाकडी पाचरी मिळतात, त्या मागून घ्या. हलक्या हाताने ठोकल्या की ताण परत येतो.

तिसरी पायरी: आकार

वर्तमानपत्राची पानं चिकटवून हव्या त्या मापाचा आयत करा आणि भिंतीवर चिकटटेपने लावा. दोन दिवस राहू द्या. बहुतेकांना आपण ठरवलेला आकार लहान होता हे तेव्हाच कळतं. मोठ्या सोफ्यावर १२ बाय १८ चा फोटो पोस्टाच्या तिकिटासारखा दिसतो.

आता फाइल तेवढी पुरेल का? मोठ्या बाजूचे पिक्सेल भागिले इंच, म्हणजे पीपीआय. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. तो ३६ इंच रुंद छापला तर १६७ पीपीआय. ‘३०० हवेच’ असं सांगणारे बरेच भेटतील. ते हातात धरून बघायच्या फोटोला लागू आहे. साधारण डोळा चार फुटांवरून इंचाला ७०-७५ पिक्सेलपलीकडचं वेगळं करू शकत नाही, दोन फुटांवरून १४०-१४५. म्हणून माझा हिशोब असा: मेटलला १५० च्या खाली जात नाही, कारण लोक मेटलजवळ जाऊन बघतातच. कॅनव्हासला १०० पर्यंत चालतं. कमी पिक्सेलचा फरक विणीमुळे दिसत नाही.

खरी अडचण क्रॉपची. पक्ष्याच्या फोटोत आपण इतकं कापतो की २४ मेगापिक्सेलमधले उरतात ३००० बाय २०००. म्हणजे मेटलवर २० इंच, कॅनव्हासवर ३०. त्यापुढे ओढू नका. लहान आणि खणखणीत मेटल प्रिंट मोठ्या, पुसट प्रिंटपेक्षा कितीतरी चांगली. उलट कॅनव्हास लहान नको. १६ बाय २४ च्या खाली वीण आणि तपशील यांचं भांडण सुरू होतं, माझ्या खंड्याचं तेच झालं.

प्रमाणही बघा. आपल्या कॅमेऱ्यांचा फोटो ३:२ असतो, म्हणून १६ बाय २४, २० बाय ३०, २४ बाय ३६ ही मापं बसतात. दुकानदार १६ बाय २० सुचवेल, त्यात दोन्ही बाजूंनी कापलं जातं. वाघाची शेपटी बहुधा तिथेच असते.

कॅनव्हासची कड ही वेगळी डोकेदुखी. ताणलेल्या कॅनव्हासमध्ये फोटो चौकटीच्या बाजूंवर वळतो. चौकट दीड इंच जाड असेल तर चारही बाजूंनी जवळजवळ दोन इंच जातात. मी पाठवलेल्या एका फाइलमध्ये वाघिणीचा कान कडेपासून इंचभर आत होता. प्रिंट आली तेव्हा तो कान बाजूला वळला होता, समोरून दिसतच नव्हता. त्यामुळे ऑर्डर देताना सांगा: कडेला फोटो वळवायचा नाही, पार्श्वभूमीतल्या गडद रंगाची पट्टी द्या. कडा आरशासारखी उलटवून भरतात तो पर्याय आकाश किंवा गवत असेल तरच. कडेला पाय किंवा फांदी असेल तर ती दुमडून दुप्पट दिसते.

चौथी पायरी: फाइल तयार करणं

घरचा मॉनिटर बहुतेक वेळा फार उजळ असतो, म्हणून ‘प्रिंट काळी आली’ ही तक्रार सगळ्यांची. उजेड निम्म्यावर आणा. पडद्यावर पांढरं पान उघडा आणि शेजारी खोलीच्या उजेडात एक कोरा कागद धरा. दोन्ही साधारण सारखे उजळ दिसले की फोटो सुधारायला घ्या. छापणाऱ्याकडे त्याच्या कागदाचं किंवा पत्र्याचं आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उमटतात याची माहिती देणारी फाइल) असेल तर मागा. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरच्या डेव्हलप भागात एस दाबलं की सॉफ्ट प्रूफ (छापल्यावर कसं दिसेल त्याची पडद्यावरची झलक) उघडतं आणि कुठला रंग हातातून निसटणार ते आधीच दिसतं. प्रोफाइल मिळत नसेल तर फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपद्धतीतच द्या.

मेटलसाठी: नॉइज नीट काढा, शार्पनिंग हात राखून, आणि शक्य असेल तर १६ बिट टिफ (रंगांच्या जास्त छटा साठवणारी फाइल), म्हणजे गुळगुळीत पार्श्वभूमीत पट्टे येत नाहीत. कॅनव्हाससाठी: शार्पनिंग जरा जास्त, सावल्या थोड्या वर, रंग किंचित दाट.

पाचवी पायरी: छापणाऱ्याशी बोला

चांगला छापणारा या प्रश्नांनी वैतागत नाही, उलट खुलतो. मेटल सब्लिमेशन आहे की यूव्ही? पत्रा पांढरा की क्लिअर, मॅट की ग्लॉस? मागे टांगायला काय देता? कॅनव्हासचं मशिन किती रंगांचं? पिगमेंट शाई (रंगाचे बारीक कण असलेली) की फ्लेक्सच्या बॅनरवाली इको-सॉल्व्हंट? आठ किंवा बारा रंगांच्या पिगमेंट मशिनवर वाघाच्या अंगावरचा नारिंगी ते पांढरा हा उतार सुरेख येतो, चार रंगांच्या मशिनवर तो पायऱ्यापायऱ्यांनी तुटतो. चौकट कुठल्या लाकडाची, किती जाड? वर वॉर्निश आहे की नाही?

एका ठिकाणी मला सांगितलं गेलं, “साहेब, ग्लॉसीच घ्या, रंग उठून दिसतो.” रंग उठतो हे खरं आहे. पण त्यांनी माझी भिंत पाहिली नव्हती.

सहावी पायरी: एक तुकडा आधी

सगळ्या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा. बरेच लोक नमुना म्हणून पूर्ण फोटो लहान करून छापतात. त्यातून काहीच कळत नाही, लहान केल्यावर सगळे फोटो सुंदर दिसतात. त्याऐवजी अंतिम मापाच्या फाइलमधून ८ बाय १२ इंचांचा तुकडा कापा, मोठा-लहान न करता. तुकड्यात प्राण्याचा डोळा हवा, सर्वांत गडद सावलीचा थोडा भाग हवा आणि पार्श्वभूमीचा एक गुळगुळीत कोपरा हवा. तेवढाच छापून घ्या. दोन पर्यायांत अडकला असाल तर एक मेटलवर, एक कॅनव्हासवर.

घरी आणून त्याच भिंतीवर लावा आणि चार फुटांवरून बघा. डोळा जिवंत वाटतो का? बुबुळात उजेडाचा ठिपका आहे का? सावलीत केस वेगळे दिसतात का? मग जवळ जा, हातभर अंतरावर. नॉइजचे दाणे खुपतात का? रात्री दिव्यात परत एकदा. दोन तुकड्यांचा खर्च चुकलेल्या एका मोठ्या प्रिंटपुढे काहीच नाही.

टांगणं आणि निगा

फोटोचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या आसपास. सोफ्यावर लावताना पाठीच्या वर सहा-आठ इंच सोडा. प्राणी ज्या बाजूला बघतोय ती बाजू खोलीच्या आत असावी. भिंतीच्या कोपऱ्याकडे बघणारा वाघ खोलीतून निघून चाललाय असं वाटत राहतं.

मेटल प्रिंटच्या मागे पट्टी असते, तिच्यामुळे पत्रा भिंतीपासून अर्धा इंच पुढे तरंगतो. ती सावली फार छान दिसते. पत्र्याचे कोपरे धारदार असतात आणि पडला तर वाकतात. वाकलेला कोपरा सरळ होत नाही. लावताना दोघे असा. नव्या इमारतींत भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात, तिथे साधी प्लास्टिकची गिट्टी सैल होते. ब्लॉकसाठीची लांब गिट्टी मागा. कॅनव्हासच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बूच किंवा फेल्टचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते. दिवा टाकायचा असेल तर रंग खरे दाखवणारा, म्हणजे सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० च्या वरचा. तो भिंतीला अगदी लागून नको, तिरप्या उजेडात कॅनव्हासची प्रत्येक लाट दिसते.

परदेशात राहणाऱ्या भाचीला वगैरे पाठवायचं असेल तर कॅनव्हास चौकटीविना, नळीत गुंडाळून द्या. गुंडाळताना फोटो बाहेरच्या बाजूला, मध्ये पातळ कागद, आणि नळी रुंद. घट्ट गुंडाळलं की लेपाला तडे जातात. चौकट ती तिकडे ताणून घेईल.

आणि दिवाळीच्या साफसफाईआधी घरात सगळ्यांना सांगून ठेवा. मेटल मऊ मायक्रोफायबरने पुसायचं, अगदी गरज पडली तर किंचित ओल्या. घासणी नाही, पावडर नाही. कॅनव्हासला पाणी आणि काच पुसायचा स्प्रे अजिबात नाही, फक्त कोरडा मऊ ब्रश, वरून खाली. घराला रंग काढायचा असेल तर आदल्या दिवशी फोटो उतरवा आणि पलंगावर पालथे न ठेवता, भिंतीला टेकवून, जुन्या सुती चादरीत गुंडाळून उभे ठेवा.